तीन ते चार वर्षांचं गणित: दोन जर्बिल भावांचं प्रकरण

पाळीव जर्बिल, म्हणजे उंदराच्या जातकुळीतला एक छोटा प्राणी, किती जगतो, या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच मिळतं: तीन ते चार वर्षं. उत्तर बरोबर आहे. चांगली देखभाल झाली तर काही साडेचार-पाचपर्यंतही पोचतात आणि दोन-अडीच वर्षांतच जाणारेही पुष्कळ असतात. पण प्राणी घरात आणल्यावर हा आकडा एकदाच वाचून बाजूला ठेवता येत नाही, कारण तो पुन्हापुन्हा समोर येतो: विकत घेताना, शस्त्रक्रिया करायची का ठरवताना, जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्यासाठी सोबती आणायचा का हे ठरवताना, आणि उपचार कुठे थांबवायचे हे ठरवताना. दर वेळी खरा प्रश्न 'जर्बिल किती जगतात' हा नसतो, 'या जर्बिलचं आता किती उरलं आहे' हा असतो. आमच्या घरातल्या दोन भावांच्या बाबतीत हे सगळे टप्पे आले, म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. हे प्राणी आले २०१९च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात. म्हणून सोनेरी-तपकिरी होता तो गूळ आणि करडा होता तो तीळ. एकाच वेतातले दोघे नर, २०१८च्या नोव्हेंबरमध्ये जन्मलेले. घरीच जर्बिलची पैदास करणाऱ्या एका बाईंकडून घेतले होते. जन्माचा महिना नक्की माहीत असणं पुढे फार उपयोगी पडलं. दुकानातून घेतलेल्या जर्बिलचं वय बहुतेकदा अंदाजानेच सांगतात. तीन-चार वर्षांच्या आयुष्यात चार महिन्यांचा घोळ म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला आयुष्याचा आकडा आधीच सांगितला होता. तिने बोटांवर मोजून विचारलं, "म्हणजे मी अकरा वर्षांची होईन तोपर्यंतच?" होय, म्हटलं, साधारण तेवढंच, कदाचित कमीही. मुलांना हे आधी सांगू नये असं आमच्या काही स्नेह्यांचं मत होतं. मला ते पटत नाही. ज्या प्राण्याचं पूर्ण आयुष्य मुलाच्या प्राथमिक शाळेत मावतं, त्याच्या बाबतीत हे लपवून ठेवायला वेळच उरत नाही.

हा प्राणी मुळात कुठला, हे थोडं सांगायला हवं, कारण त्याचं वय आणि आजार दोन्ही त्याच्याशी जोडलेले आहेत. पाळीव जर्बिल म्हणजे मंगोलियन जर्बिल, मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला. १८६६मध्ये आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकाने त्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठवले आणि पुढच्याच वर्षी आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्सने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर बराच काळ त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. १९३५मध्ये जपानी संशोधकांनी अमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांच्या वंशातल्या अकरा जोड्या १९५४मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या टंबलब्रुक फार्मवर व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे पोचल्या. अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी दिसणारे जर्बिल मुख्यतः या मूठभर प्राण्यांची पिलावळ आहेत. एवढ्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या प्रजेत काही दोष पक्के बसतात. जर्बिलना आकडी येते ते त्यातलंच. अनोळखी जागेत ठेवलं, अचानक हातात घेतलं की काहींचं अंग ताठरतं, कान मागे जातात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळं ओसरतं. तीळला लहानपणी दोन-तीनदा असं झालं. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही, उजेड आणि आवाज कमी करायचा, एवढंच करायचं असतं. सौम्य आकडीने आयुष्य कमी होत नाही.

याचे भाऊबंद भारतातही आहेत. कच्छ-राजस्थानच्या वाळूत दिवसाउजेडी बिळाबाहेर फिरणारा वाळवंटी उंदीर याच कुळातला, आणि आपल्याकडच्या शेतांच्या बांधांत बिळं करून राहणारा लांब शेपटीचा भारतीय जर्बिलही नात्यातला. ते रानातच बरे. रानातलं आयुष्य मात्र अगदी तुटपुंजं असतं. मंगोलियातले बहुतेक जर्बिल घुबडं, ससाणे, कोल्हे आणि थंडी यांच्या तावडीतून वर्षभरही निभावत नाहीत. म्हणजे घरातला तीन वर्षांचा जर्बिल अशा वयात असतो, जे निसर्गाने त्याच्यासाठी जवळपास धरलेलंच नव्हतं. उतारवयात त्याला होणारे आजार म्हणूनच इतके ठरावीक असतात: नरांमध्ये पोटावरच्या गंधग्रंथीची गाठ, माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठी, दोघांमध्ये मूत्रपिंडं थकणं, कानाच्या आत साचत जाणारी गाठ, आणि पक्षाघात.

पहिली दोन वर्षं

या काळात सांगण्यासारखं थोडंच घडलं. आम्ही काचेची मोठी टाकी घेतली, वर जाळीचं झाकण, आणि आत फूटभर खोल थर: कागदाचा लगदा, गवत आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून घट्ट दाबलेले, म्हणजे भुयारं कोसळत नाहीत. खोल थर ही चैन नाही. बंद जागेतले जर्बिल कोपऱ्यात तासन् तास वेड्यासारखे उकरत बसतात. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टोफ वीडेनमायर या संशोधकाने १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की नुसती उकरायला वाळू देऊन हे थांबत नाही. बोगद्यातून आत शिरता येईल असं बीळ लहानपणापासून मिळालं तर ही सवय लागतच नाही. त्याला उकरण्याची नाही, बिळाची ओढ असते.

खाण्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगते. सूर्यफुलाच्या बियांवर जर्बिल तुटून पडतात. त्या चरबीने भरलेल्या आणि कॅल्शियमला अगदी गरीब. वाटीत सगळं एकत्र दिलं की ते त्या बिया वेचून खातात आणि बाकीचं टाकून देतात. म्हणून तयार गोळ्या, थोडी बाजरी, राळ्याची अख्खी कणसं, कधी ओट्स, असं सगळं वाटीऐवजी थरावर विखरून द्यायचो. बिया फक्त हातातून, आणि मोजक्या. पाणी बाटलीत कायम असायचं, जरी हा वाळवंटी प्राणी दिवसाला चार-पाच मिलिलिटरच पितो. त्याच्या त्या कमी पिण्यामुळेच पाणी हे पुढे आजाराचं माप ठरलं.

कोकणातून आईचा फोन यायचा तेव्हा ती विचारायची, आपल्याकडे पाळता येतील का गं? पावसाळ्याच्या दमट हवेत अवघड आहे. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या वर टिकून राहिला की यांची लव चिकट होते, नाकाभोवती लाल चट्टे येऊन कातडी सोलते. कॅलिफोर्नियातल्या आमच्या नातेवाइकांना तर कायद्यानेच पाळता येत नाहीत. तिथल्या कोरड्या हवेत सुटलेले जर्बिल रानात वस्ती करतील अशी सरकारला धास्ती आहे, आणि ती रास्त आहे.

आणखी एक सवय आम्ही पहिल्या महिन्यातच लावून घेतली: दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांचं वजन आणि वहीत नोंद. तरुणपणी गूळ ९२ ग्रॅमच्या आसपास असायचा, तीळ ८४च्या. वजन करतानाच प्राण्याला अलगद उताणं धरून पोट बघायचं. प्रौढ नराच्या पोटाच्या मध्यावर केस नसलेली, पिवळसर, लांबट गंधग्रंथी असते, तीच पाहायची. नवख्याला ती बघून जखम आहे असं वाटतं. रोजची ओळख असेल तरच तिच्यातला बदल कळतो.

गाठ

बदल कळला २०२१च्या वसंतात. गूळची ग्रंथी एका कडेला फुगीर लागली, वर बारीक खपली होती. वय दोन वर्षं पाच महिने. नर जर्बिलमध्ये या ग्रंथीच्या गाठी दोन वर्षांनंतर हमखास दिसू लागतात. काही साध्या असतात, काही कर्करोगाच्या. डोळ्यांनी बघून फरक सांगता येत नाही. व्हेट म्हणाल्या, गाठ लहान आहे तोवर काढली तर बहुतेकदा प्रश्न मिटतो. राहू दिली तर ती फुटते, प्राणी ती चाटत-कुरतडत राहतो, जखम चिघळते आणि रोग आत उतरू शकतो.

खर्च गूळच्या किमतीच्या कैक पट होता. 'एवढ्याशा उंदरावर' हे शब्द आम्हाला दोन्ही देशांतून ऐकू आले. पण किमतीशी तुलना करणं मला चुकीचं वाटतं. तुलना उरलेल्या आयुष्याशी करायला हवी. अडीच वर्षांच्या, वजन राखून असलेल्या, पळणाऱ्या-उकरणाऱ्या जर्बिलपुढे अजून सहा महिने ते दीड वर्ष असू शकतं. म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा ते तिसऱ्या हिश्शाहून थोडं अधिक. भूल देण्यात धोका होताच, इतक्या लहान शरीराची ऊब झपाट्याने जाते आणि हृदय मिनिटाला साधारण ३६० वेळा धडधडत असतं. तरी हिशोब शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकत होता. हीच गाठ साडेतीन वर्षांच्या, वजन उतरत चाललेल्या जर्बिलला निघाली असती, तर मी वेदनाशामक देऊन थांबायला सांगितलं असतं. आजार तोच, शस्त्रक्रिया तीच, आणि तरी उत्तर वेगळं.

तयारीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. पहिली, कुत्र्या-मांजरांसारखं याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं नसतं. हे प्राणी ओकत नाहीत, आणि उपाशी राहिले तर रक्तातली साखर घसरते. दुसरी, तीळलाही त्याच डब्यातून दवाखान्यात नेलं. जर्बिल एकमेकांना वासाने ओळखतात. दोन नर एखादा दिवस जरी वेगळे राहिले, एकाला दवाखान्याचा वास लागला, तर सख्खे भाऊही एकमेकांवर तुटून पडतात, आणि ती मारामारी रक्त काढूनच थांबते. दोघे एकत्र गेले, संध्याकाळी एकत्र परतले, तोच गवताचा गोळा घेऊन झोपले. टाके कातडीच्या आत घातलेले आणि आपोआप विरघळणारे होते, म्हणजे कुरतडायला दोरा हाती लागू नये. थर काढून नुसता मऊ कागद घातला, तोंडाने मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे थेंब दिले. तपासणीत गाठ कर्करोगाचीच निघाली, पण कडा स्वच्छ होत्या, म्हणजे ती पूर्ण निघाली होती. थोड्याच दिवसांत गूळ पुन्हा पुठ्ठे फाडू लागला.

तो पुढे त्या डिसेंबरपर्यंत राहिला. गेला तो गाठीने नाही, मूत्रपिंडांनी. आधी बाटलीतलं पाणी लवकर संपू लागलं, मग वहीतला आकडा उतरू लागला: ९०, ८६, ८१. नव्वद ग्रॅमच्या जिवात नऊ ग्रॅम गेले म्हणजे दहावा भाग गेला. माणसाच्या वजनात सहा-सात किलो उतरावेत तसं. नजरेला मात्र यातलं काही दिसत नाही, कारण लव फुगवून बसलेला म्हातारा जर्बिल उलट गुबगुबीत वाटतो. वजन ७४वर आलं आणि तो ऊन पडल्यावरही वर येईनासा झाला, तेव्हा आम्ही त्याला शांतपणे जाऊ द्यायचं ठरवलं. आधी वायूची भूल दिली, पूर्ण बेशुद्ध झाल्यावर सुई. वय तीन वर्षं एक महिना. मुलगी तिच्या इच्छेने खोलीत थांबली. मृत शरीर आम्ही घरी आणून थोडा वेळ टाकीत तीळजवळ ठेवलं. याने एकटा राहिलेला प्राणी शोधाशोध कमी करतो, असं अनेक पाळणारे सांगतात. तीळने हुंगलं, गवत ओढून त्याच्यावर घातलं आणि निघून गेला. त्याला काय उमगलं, यावर मी काहीही म्हणणार नाही.

उरलेला एक

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हा होता, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

जर्बिल कुटुंबाने राहणारा प्राणी आहे. एकट्याला ठेवू नये, हे सगळेच सांगतात. पण जोडी पाळली की दोघे एकाच दिवशी जात नाहीत. एक मागे राहतो, तोही म्हातारा. त्याला पिल्लू सोबतीला आणलं तर वर्षभरात पिल्लू एकटं पडतं. मग त्याला दुसरं पिल्लू, आणि ही साखळी संपत नाही. तीन-चार वर्षांसाठी म्हणून घेतलेला प्राणी असा दहा वर्षं घरात राहतो.

तीळ तेव्हा तीन वर्षांचा, वजन ८०, दात ठीक, भुयारं रोज नवी. दुसरा प्रौढ नर आणणं धोक्याचं होतं, मारामारीची शक्यता फार. मादी आणायची तर पिल्लं होणार, चोवीस-सव्वीस दिवसांत एकेक वेत. एकटं ठेवायचं तर दिवसातून दोन-तीनदा आम्ही हात आत घालून बसणं, हेही लोक करतात. मागे उरलेला प्राणी आणखी महिना-दीड महिनाच जगणार असेल, अंथरुणाला खिळलेला असेल, तर मीही तेच करेन. नव्या पिल्लाची धांदल त्याला सोसणार नाही. पण तीळकडे बघून अजून सहा महिने, कदाचित वर्षही, निघेल असं वाटत होतं. वर्ष म्हणजे त्याच्या जगण्याचा चौथा हिस्सा. तेवढा काळ एकट्याने काढणं मला मोठं वाटलं.

मार्ग त्या पैदास करणाऱ्या बाईंनीच सुचवला. नऊ आठवड्यांचं एक नर पिल्लू त्या देतील, आणि तीळ गेल्यावर आम्ही ते परत त्यांच्याकडे द्यायचं. त्यांच्याकडे सोबती मिळवून देणं त्यांना सोपं होतं. हे आधी ठरलं, कागदावर लिहून ठेवलं, आणि मगच पिल्लू आणलं. साखळी तुटते ती अशी, आधी बोलून. ज्यांना हे शक्य असेल त्यांनी पहिली जोडी घेतानाच विचारून ठेवावं.

पिल्लू पांढरंशुभ्र होतं, म्हणून नाव हलवा. सरळ टाकीत सोडलं नाही. मधोमध तारेची जाळी उभी केली, एका बाजूला तीळ, दुसऱ्या बाजूला हलवा, आणि रोज दोघांच्या बाजू बदलल्या, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या वासात झोपतो. सुरुवातीला तीळ जाळीला नाक लावून शेपूट ताठ करायचा, मागच्या पायांनी जमीन बडवायचा. आठवड्यानंतर दोघे जाळीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना टेकून झोपू लागले. मग एका सुट्टीच्या दिवशी, जाड हातमोजे जवळ ठेवून, छोट्या जागेत जाळी काढली. तीळने पिल्लाची मान खालून-वरून चाटली, पिल्लू उताणं पडलं, आणि गोष्ट मिटली. मोठ्या टाकीत मात्र बऱ्याच दिवसांनी नेलं. एकदम जागा मोठी मिळाली की आपापला मुलूख आखण्यावरून भांडणं पेटतात.

तीळ त्यानंतर वर्षाहून अधिक जगला. शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी त्याचं डोकं डावीकडे कललेलं दिसलं आणि तो गोल फिरत होता. दोन शक्यता होत्या: कानाच्या आतली गाठ किंवा पक्षाघात. व्हेटनी कान तपासला, तो स्वच्छ होता, आणि डावा पंजा पकड घेत नव्हता. म्हणजे पक्षाघात. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, विलिसचं वलय म्हणतात त्याला. एका बाजूने रक्त अडलं तर ते दुसऱ्या वाटेने पोचवतं. जर्बिलमध्ये या कड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणारी वाहिनीच बहुधा नसते, कडं अपुरं असतं. याच कारणाने माणसाच्या पक्षाघातावरच्या संशोधनात कित्येक दशकं जर्बिल वापरले गेले. आमच्या टाकीतल्या म्हाताऱ्याच्या अंगातही तीच उणीव होती.

या वेळी वय चार वर्षं दोन महिने. इथे आम्ही उरलेलं आयुष्य आठवड्यांत मोजलं. तपासण्या नकोत, फक्त ऊब, पातळ केलेलं बाळांचं धान्याचं जेवण, चढ-उतार नसलेली जागा, खाली ठेवलेली पाण्याची उथळ बशी. तो बराचसा सावरला, डोकं थोडं वाकडंच राहिलं. हलवा त्याच्या अंगावर झोपायचा. फेब्रुवारी २०२३मध्ये झोपेतच गेला. सव्वाचार वर्षं.

दोन सख्खे भाऊ, एकच टाकी, एकच खाणं, आणि आयुष्यात चौदा महिन्यांचा फरक. 'तीन ते चार' या शब्दांच्या आत एवढं अंतर मावतं. मंगोलियन जर्बिलचा नोंदलेला विक्रम आठ वर्षं चार महिन्यांच्या पुढचा आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९७३मध्ये जन्मलेला तो जर्बिल १९८१मध्ये गेला. असा विक्रम वाचून आपल्या तीन वर्षांच्या प्राण्याकडून आशा लावू नये. शंभर वर्षांची आजी गावात असते म्हणून कुणी तेवढ्या वयाचा बेत आखत नाही.

हलवा ठरल्याप्रमाणे परत गेला. तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता, आणि बाईंनी त्याला जाळीआड एका पिल्लाशेजारी ठेवलं. पंधरवड्याने दोघांचा एकत्र झोपलेला फोटो आला.

मुलगी आता अकराची. तिला पुढे डेगू हवे होते, चिलीतला हा प्राणी बराच मोठा आणि बोलका. तो पाच ते आठ वर्षं जगतो. आठ वर्षं म्हणजे ती विद्यापीठात गेल्यावरही डेगू इथेच आणि जबाबदारी आमची, हे तिने स्वतःच मोजून दाखवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दोन जर्बिलच आणायचे ठरले आहेत. एकाच वेतातल्या दोन माद्या, आणि परत घेण्याचं बोलणं पहिल्याच दिवशी.